चौकशी नावाचा कथनप्रकार : एस्टेस किफॉव्हर आणि त्याचा वारसा

विसाव्या शतकाच्या मध्यावरील अमेरिकेचा विषय निघाला, की आपल्याकडील अभ्यासकाला हटकून एकच सिनेटर आठवतो : जोसेफ मॅकार्थी. त्याच्या नावाला 'वाद' हा प्रत्यय लागला आणि तो इतिहासातून थेट शब्दकोशात गेला. त्याच काळात, त्याच सभागृहात, जाहीर सुनावणीचे तेच आयुध हाती घेऊन वावरलेल्या एस्टेस किफॉव्हर या दुसऱ्या सिनेटरच्या नावाला असा प्रत्यय लागला नाही. १९५१ ते १९५६ या काळात तो अमेरिकेतील सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या राजकारण्यांपैकी एक होता. आज त्याचे नाव एका औषधविषयक दुरुस्ती-कायद्याच्या शीर्षकात आणि कॉमिक्सच्या इतिहासकारांच्या रोषात तेवढे उरले आहे. या विस्मृतीची भरपाई करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. किफॉव्हरच्या कारकिर्दीत एकच माणूस, एकच पद्धत आणि एकच नैतिक आवेश तीन वेगवेगळ्या विषयांवर चालवला गेला, आणि तिन्ही वेळा निष्पत्ती निराळी झाली. 'चौकशी' हा सत्तेचा केवळ एक डाव असतो, असे मानण्याकडे अलीकडच्या समीक्षेचा जो कल आहे, तो तपासून पाहण्यास हे उदाहरण फार उपयोगी पडते.

प्रथम थोडा चरित्रात्मक तपशील. कॅरी एस्टेस किफॉव्हर याचा जन्म २६ जुलै १९०३ रोजी टेनेसी राज्यातील मॅडिसनव्हिल येथे झाला. येल विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन त्याने चॅटनूगा येथे वकिली केली आणि १९३९ मध्ये तो प्रतिनिधिगृहात गेला. १९४७ मध्ये त्याने जॅक लेव्हिन याच्यासह 'अ ट्वेंटिएथ-सेंच्युरी काँग्रेस' हे पुस्तक लिहिले. विधिमंडळाच्या कार्यपद्धतीची डागडुजी कशी करावी, हा त्याचा विषय. म्हणजे कार्यपद्धतीविषयीची आस्था त्याच्या ठिकाणी प्रसिद्धीच्या आधीची आहे. १९४८ मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी तो उभा राहिला, तेव्हा टेनेसीच्या राजकारणावर मेम्फिसच्या एडवर्ड क्रंप याची पकड होती. आपल्याकडे ज्याला 'किंगमेकर' म्हणतात, त्या जातीचा हा गृहस्थ. त्याने वृत्तपत्रात जाहिरात देऊन किफॉव्हरची तुलना पाळीव रॅकूनशी केली : हा प्राणी तोंड एकीकडे फिरवतो आणि पंजा भलत्याच खणात घालतो, किफॉव्हरही तसाच, वर साळसूद आणि आतून साम्यवाद्यांचा हस्तक. किफॉव्हरने रॅकूनच्या कातड्याची शेपटीवाली टोपी घालून सभा घ्यायला सुरुवात केली. आपण रॅकून असू, पण क्रंपच्या गळपट्ट्यातले नव्हे, एवढेच त्याचे उत्तर. ती टोपी सीमाप्रदेशातील वसाहतकारांची, डेव्ही क्रॉकेटच्या लोककथेतली. शिवी म्हणून आलेले चिन्ह त्याने राज्याच्या पुराणात नेऊन बसवले. तो निवडून आला. येल विद्यापीठाचा हा पदवीधर पुढे बारा-तेरा वर्षे त्या टोपीमागे बराचसा झाकलेला राहिला.

सिनेटमध्ये पाऊल ठेवल्यावर वर्षभरातच त्याने संघटित गुन्हेगारीच्या चौकशीचा ठराव मांडला. ठरावाला स्वपक्षातूनच विरोध होता, कारण डेमोक्रॅटिक पक्षाची शहरी यंत्रणा आणि जुगाराचा पैसा यांचे नाते सर्वांना ठाऊक होते. मे १९५० मध्ये समसमान मते पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष आल्बेन बार्कली याच्या निर्णायक मताने समिती स्थापन झाली. आंतरराज्य व्यापारातील गुन्हेगारी हा तिचा औपचारिक विषय. तिने १४ शहरांत सुनावण्या घेतल्या आणि सहाशेहून अधिक साक्षीदार तपासले.

या सुनावण्या अभूतपूर्व ठरल्या त्या दूरचित्रवाणीमुळे. जानेवारी १९५१ मध्ये न्यू ऑर्लिन्समधील एका स्थानिक केंद्राने कामकाज दाखवले. मग इतर शहरांनी तोच कित्ता गिरवला. मार्च १९५१ मध्ये न्यू यॉर्कची सुनावणी सुरू झाली, तेव्हा सुमारे तीन कोटी लोकांनी ती पाहिली, असा अंदाज वर्तवला गेला. भर दुपारी लोक घरातले, दुकानातले, शेजाऱ्यांकडचे संच लावून बसले होते. मनोरंजनासाठी मिळणारा 'एमी' हा पुरस्कार १९५२ मध्ये सार्वजनिक सेवेबद्दल किफॉव्हरला देण्यात आला, ही बाब त्या घटनेच्या मिश्र स्वरूपाविषयी बरेच काही सांगते.

त्या आठवड्यातील सर्वांत लक्षणीय साक्ष फ्रँक कॉस्टेलो याची. चेहरा दाखवू नये, अशी त्याच्या वकिलाची मागणी होती. समितीने ती मान्य केली. मात्र चित्रीकरण थांबवले नाही. कॅमेरा खाली वळला आणि कॉस्टेलोच्या हातांवर स्थिरावला. प्रेक्षक ऐकत होता तो घोगरा आवाज, आणि पाहत होता ते हात : रुमाल चुरगळणारे, बोटांत बोटे गुंतवणारे, पाण्याचा पेला उचलून ठेवणारे. चेहऱ्याने जे लपवता आले असते, ते हातांनी सांगितले, असे वर्णन तेव्हाच्या वृत्तपत्रांनी केले. अंशावरून पूर्णाचा बोध करून देणारी लक्षणा येथे यंत्राने घडवली, असे आपल्या परिभाषेत म्हणता येईल. तथापि हे वर्णन जरा सावधपणे घ्यायला हवे. चारचौघांसमोर तासन् तास उलटतपासणीस बसवलेल्या निरपराध माणसाचे हातही असेच चाळवले असते. हातांना अपराधाचा अर्थ मिळाला, कारण कथानक आधीच ठरले होते.

हे 'आधीच ठरलेले कथानक' हा या लेखाचा खरा विषय आहे. न्यायालयीन खटल्याचे कथन दोन परस्परविरोधी कहाण्यांतून पुढे सरकते आणि निकालापर्यंत ते, निदान तत्त्वतः, खुले असते. विधिमंडळाच्या सुनावणीत आरोपी नसतो, साक्षीदार असतो. बचावाचा वकील साक्षीदाराच्या कानाशी लागू शकतो, पण उलटतपासणी घेऊ शकत नाही. निकाल नसतो, अहवाल असतो, आणि तो लिहिणारा प्रश्नकर्ताच. शिवाय पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन साक्षीदार गप्प बसला, तर कायद्याच्या दृष्टीने त्या मौनाला अर्थ नसतो. प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र मौनाइतका बोलका पुरावा दुसरा नसतो. सेंट लुई येथील सट्टाव्यावसायिक जेम्स कॅरल याने कॅमेऱ्यासमोर बोलण्यासच नकार दिला. खाजगीपणाचा हक्क आणि दृश्यता यांच्यातील वादाचा हा प्रारंभ म्हणावा लागेल. समितीने अशा अनेकांवर अवमानाचे खटले भरण्याची शिफारस केली. त्यांतील बहुसंख्य न्यायालयात टिकले नाहीत. कॉस्टेलोला मात्र १९५२ मध्ये अवमानाबद्दलच तुरुंगात जावे लागले.

समितीने १९५१ मध्ये मांडलेला निष्कर्ष सर्वज्ञात आहे : 'माफिया' नावाची देशव्यापी, परदेशात मूळ असलेली गुप्त संघटना अस्तित्वात आहे आणि तीच साऱ्या गुन्हेगारी टोळ्यांना जोडणारा धागा आहे. विल्यम हॉवर्ड मूर या इतिहासकाराने १९७४ मधील आपल्या ग्रंथात या निष्कर्षाची कसून तपासणी केली. पुराव्यातून दिसत होते ते स्थानिक टोळ्या, स्थानिक पोलीस आणि स्थानिक राजकारणी यांचे साटेलोटे. अहवालाने त्यातून एककेंद्री कटाची गोष्ट तयार केली, असे त्याच्या विवेचनाचे सार सांगता येईल. अर्थात मूरची बाजू घेतानाही १९५७ ची अपलेकिन येथील टोळीप्रमुखांची बैठक आणि १९६३ ची जो व्हलाची याची साक्ष विसरता येत नाही. संघटना होती, पण तिचे चित्र अहवालातल्याइतके रेखीव नव्हते. सामाजिक व्यवस्थेतील खोलवरचा दोष 'परक्यांचा कट' म्हणून मांडला, की तो ऐकणाऱ्याला सोसवतो. कॅमेऱ्याला चेहरा हवा असतो, निदान हात तरी. जुगारावर पोसलेल्या नगरपालिकेचे हात कसे दाखवणार? हॉलिवूडने ही सोय लगेच ओळखली. रॉबर्ट वाइझच्या १९५२ च्या 'द कॅप्टिव्ह सिटी' या चित्रपटात तर किफॉव्हर स्वतः पडद्यावर येऊन बोलतो. समितीच्या शिफारशींपैकी कायद्यात उतरले ते थोडेच. सट्टेबाजांवरील १९५१ चा कर हा त्यांतला ठळक. कथन मात्र दृढमूल झाले.

किफॉव्हरच्या पक्षाने त्याला याची क्षमा केली नाही. शिकागोतील एका पोलीस अधिकाऱ्याची गोपनीय साक्ष फुटल्यामुळे इलिनॉयमधील सिनेटची जागा गेली आणि बहुमताचा नेता स्कॉट लूकस १९५० च्या निवडणुकीत पडला. त्याच्या जागी एव्हरेट डर्क्सन आला. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे. मार्च १९५२ मध्ये किफॉव्हरने न्यू हॅम्पशरच्या प्राथमिक निवडणुकीत अध्यक्ष ट्रुमन याला हरवले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस ट्रुमनने आपण पुन्हा उभे राहणार नसल्याचे जाहीर केले. पंधरापैकी बारा प्राथमिक निवडणुका किफॉव्हरने जिंकल्या, तरीही शिकागोच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली ती अॅडले स्टीव्हन्सनला. १९५६ मध्ये उपाध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी त्याने जॉन केनेडीला दुसऱ्या फेरीत मागे टाकले, पण ती निवडणूक पक्षाने गमावली. या भागाचा अधिक विस्तार करण्याचे कारण नाही. अमेरिकी निवडणूक-इतिहासात तो पुष्कळ चर्चिला गेला आहे.

आता दुसरी सुनावणी. बालगुन्हेगारीविषयीच्या सिनेट उपसमितीने २१ व २२ एप्रिल १९५४ रोजी आणि पुन्हा ४ जूनला न्यू यॉर्क येथे कॉमिक्सच्या प्रश्नावर साक्षी घेतल्या. अध्यक्ष न्यू जर्सीचा रॉबर्ट हेंड्रिक्सन होता, किफॉव्हर सदस्य. पण लोकांच्या स्मरणात राहिला तो किफॉव्हरच. यातील २२ एप्रिल हा दिवस नोंद घेण्याजोगा आहे. त्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये लष्कर आणि मॅकार्थी यांच्यातील प्रसिद्ध सुनावणी सुरू झाली. एकीकडे मॅकार्थीच्या अस्ताचा प्रारंभ होत होता. दुसरीकडे, त्याचा कधीही साथीदार नसलेला एक उदारमतवादी सिनेटर मुलांच्या वाचनातील शत्रू शोधत होता.

पुरावा मुख्यतः डॉ. फ्रेड्रिक वर्दम याचा. त्याचे 'सिडक्शन ऑफ दि इनोसन्ट' हे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. वर्दमला खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि कॉमिक्सप्रेमींनी ते मनसोक्त केले आहे. परंतु याच मानसोपचारतज्ज्ञाने १९४६ मध्ये हार्लेममधील गरीब कृष्णवर्णीयांसाठी नाममात्र शुल्कात उपचारकेंद्र चालू केले होते आणि शाळांतील वर्णविभाजनामुळे मुलांच्या मनावर होणाऱ्या आघातांविषयीची त्याची साक्ष डेलावेअरच्या खटल्यात उपयोगी पडली होती. मुलाच्या मनावर परिसराचा परिणाम होतो, हा त्याचा एकच सिद्धान्त; वर्णविभाजनाच्या बाबतीत तो मुक्तिदायी ठरला, कॉमिक्सच्या बाबतीत दडपणारा. २०१२ मध्ये कॅरल टिली या संशोधिकेने त्याच्या टिपणांशी पुस्तक ताडून पाहिले, तेव्हा मुलांची वये, त्यांची विधाने आणि त्यांची पार्श्वभूमी यांत त्याने फेरफार केल्याचे आढळले. उपसमितीपुढे ही कागदपत्रे नव्हती. तथापि ती मागवावीत, असेही कोणाला वाटले नाही.

२१ एप्रिलला ई. सी. कॉमिक्सचा बत्तीस वर्षांचा मालक विल्यम गेन्स आपण होऊन साक्षीला आला. किफॉव्हरने त्याच्यासमोर एक मुखपृष्ठ धरले : रक्ताने माखलेली कुऱ्हाड हाती घेतलेला पुरुष, आणि केसांनी उचललेले स्त्रीचे मुंडके. हे सुरुचीला धरून आहे काय, असे त्याने विचारले. भयकथांच्या मुखपृष्ठाच्या दृष्टीने आहे, असे गेन्सने सांगितले आणि मुंडके आणखी वर धरून मानेतून ठिबकणारे रक्त दाखवले असते, तर ते अभिरुचीहीन ठरले असते, अशी पुस्तीही जोडली. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत गेन्सचे जे हसे झाले, त्यातून तो धंदा सावरला नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने या संवादाशी थोडे थांबायला हवे. गेन्सचे उत्तर हास्यास्पद नाही. ते प्रकारनिष्ठ आहे. औचित्याची कसोटी त्या त्या साहित्यप्रकाराच्या संकेतांवरून लावायची असते, हे तत्त्व आपल्या औचित्यविचाराला अपरिचित नाही. बीभत्सात रक्त अनुचित नसते. त्याचे प्रमाण बिघडले, तर रसभंग होतो. गेन्सने नेमके प्रमाणाविषयी सांगितले. पण सुनावणीच्या सभागृहात प्रकारविचाराला जागा नसते. तेथे चित्र चित्र राहत नाही, ते 'मुद्देमाल' होते. कथेतून सोडवून, टेबलावर ठेवून, क्रमांक देऊन त्याच्याकडे पाहिले जाते. किफॉव्हरच्या प्रश्नात लबाडी नव्हती. कॉस्टेलोच्या हातांकडे पाहण्याची सवय त्याने मुखपृष्ठाला लावली, एवढेच. आणि या सुनावणीत एक साक्षीदार सर्वस्वी गैरहजर होता : ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते, तो बालवाचक. तो काय वाचतो, कसे वाचतो, थट्टा आणि भय यांत भेद करतो की नाही, हे त्याच्या वतीने इतरांनीच सांगितले.

१९५५ च्या अंतरिम अहवालाने सरकारी अभ्यवेक्षणाची शिफारस केली नाही. त्याची गरजच उरली नव्हती. ऑक्टोबर १९५४ मध्ये प्रकाशकांनी आपण होऊन 'कॉमिक्स कोड' स्वीकारला होता. गेन्सने भयकथांची आणि गुन्हेकथांची मासिके बंद केली आणि 'मॅड' या कॉमिकचे १९५५ मध्ये नियतकालिकात रूपांतर केले. संहितेचे पुढे काय झाले, याचे एक उदाहरण बोलके आहे. 'जजमेंट डे' ही वर्णद्वेषविरोधी विज्ञानकथा गेन्सने १९५६ च्या आरंभी पुनर्मुद्रित करायला घेतली, तेव्हा अखेरच्या चौकटीतील अंतराळवीर कृष्णवर्णीय नसावा, असा आग्रह संहितेच्या प्रशासकाने धरला. गेन्सने तो मानला नाही आणि कथा तशीच छापली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, मार्च १९५६ मध्ये, दक्षिणेतील लोकप्रतिनिधींनी शालेय एकत्रीकरणाविरुद्ध जाहीरनामा काढला. त्यावर सही न करणाऱ्या तीन दाक्षिणात्य सिनेटरांपैकी एक किफॉव्हर होता. दुसरे दोघे थोरला अल्बर्ट गोर आणि लिंडन जॉन्सन. ज्या माणसाने स्वतःच्या राज्यातील मतांची पर्वा न करता वर्णविभाजनाच्या बाजूने उभे राहण्याचे नाकारले, त्याच्या प्रश्नांतून निघालेली संहिता एका कृष्णवर्णीय चेहऱ्यावर फुली मारू पाहत होती. येथे दोष हेतूचा नाही. पद्धत सुटी झाली, की ती कोणाच्याही हाती पडते. ती संहिता कसेबसे २०११ पर्यंत तगली.

येथे मॅकार्थीशी तुलना अटळ होते. फूकोच्या प्रभावाखालील एक वाचन असे म्हणेल, की तपासणे, वर्गवारी करणे, कबुलीजबाब घेणे आणि दृश्यमान करणे ही एकाच शिस्तयंत्रणेची अंगे आहेत. किफॉव्हर तिचा सभ्य चेहरा, मॅकार्थी असभ्य. कॉमिक्सच्या सुनावणीपुरते हे वाचन पटते. पण ते तेवढ्यावर थांबत नाही, सगळेच गिळू पाहते, आणि तेथे ऐतिहासिक पुरावा आडवा येतो. १९५० च्या अंतर्गत सुरक्षा कायद्याविरुद्ध सिनेटमध्ये अवघी सात मते पडली. त्यांत किफॉव्हरचे एक होते. १९५४ मध्ये साम्यवादी पक्षाचे सदस्यत्व हाच गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदीवर मतदान झाले, तेव्हा उदारमतवादी ह्यूबर्ट हम्फ्री तिचा पुरस्कर्ता होता आणि विरोधात उभा राहिलेला सिनेटर एकटा किफॉव्हर. निवडणुकीच्या वर्षातली ही गोष्ट आहे. पाळीव रॅकूनची जाहिरात टेनेसीत कोणी विसरले नव्हते. दोघांचीही आयुधे सारखीच होती, म्हणून दोघे सारखेच, असे म्हणणारी समीक्षा स्वतःच मुद्देमालाच्या पातळीवर उतरते : तीही संदर्भ सोडवून रूपाकडे पाहते.

तिसऱ्या सुनावणीने हा भेद अधिक स्पष्ट होतो. १९५७ पासून किफॉव्हर मक्तेदारीविरोधी उपसमितीचा अध्यक्ष होता. पोलाद, मोटारी, पाव अशा वस्तूंच्या किमतींची चौकशी करत ७ डिसेंबर १९५९ रोजी ती औषधांवर आली. पहिला साक्षीदार शेरिंग कंपनीचा अध्यक्ष. जॉन ब्लेअर आणि आयरीन टिल या अर्थशास्त्रज्ञांनी तयार केलेले तक्ते समोर ठेवून किफॉव्हरने विचारणा सुरू केली आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत ७,०७९ टक्के हा आकडा झळकला. एका संप्रेरक-औषधाच्या कच्च्या मालाची किंमत आणि विक्रीची किंमत यांतील ही तफावत. आकडा खरा होता, पण संशोधन, गोळ्या घडवणे, वितरण हा खर्च त्यात धरलेला नव्हता; कंपन्यांनी हे लगेच दाखवून दिले आणि त्यांचे म्हणणे गैर नव्हते. किफॉव्हरला अजूनही एक 'दृश्य' लागत होते. फरक असा, की यावेळी दृश्यानंतर अडीच वर्षे कागद आले : परवान्यांचे करार, निरनिराळ्या कंपन्यांनी एकाच पैशापर्यंत सारख्या ठेवलेल्या टेट्रासायक्लिनच्या किमती, सरकारी प्रतिजैविक विभागाच्या प्रमुखाला औषधविषयक नियतकालिकांतून मिळालेले दोन लाख ऐंशी हजार डॉलरांहून अधिक उत्पन्न. तो प्रमुख, हेन्री वेल्च, १९६० मध्ये पायउतार झाला. साक्षीदाराच्या खुर्चीत या वेळी प्रतिवादाची पुरेपूर साधने असलेली माणसे बसली होती. त्यांनी ती वापरली, आणि ती नोंदवलीही गेली. चौकशीतील कथन खुले राहते ते बहुधा अशाच स्थितीत.

विधेयक मात्र अडले. एप्रिल १९६१ मध्ये मांडलेल्या त्याच्या मसुद्याचा गाभा किमतीविषयी होता : पेटंटधारकाला तीन वर्षे एकाधिकार, मग इतर उत्पादकांना सक्तीने परवाना. जून १९६२ मध्ये न्यायविषयक समितीच्या सदस्यांची आणि सरकारी प्रतिनिधींची एक बैठक किफॉव्हरला न कळवता झाली आणि तीत हे विधेयक निष्प्रभ करण्यात आले. पुढाकार घेणाऱ्यांत एव्हरेट डर्क्सन होता, किफॉव्हरच्याच पहिल्या सुनावणीने सिनेटमध्ये येण्यास अप्रत्यक्ष हातभार लावलेला. इतिहासात असे योगायोग घडतात. त्यांना अर्थ चिकटवण्याचा मोह आवरलेला बरा.

त्यानंतर थॅलिडोमाइड. फ्रान्सिस केल्सी या वैद्यक-अधिकारी स्त्रीने सप्टेंबर १९६० पासून पुराव्याच्या अभावी या औषधाला अमेरिकेत परवानगी देण्याचे नाकारले होते. उपसमितीच्या कर्मचाऱ्यांकडून धागा मिळाल्यावर मॉर्टन मिंट्झने १५ जुलै १९६२ च्या 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये तिची हकीकत प्रसिद्ध केली. युरोपातील बालकांची छायाचित्रे पाठोपाठ आली. अडीच वर्षांच्या तक्त्यांनी जे झाले नाही, ते तीन महिन्यांत झाले. १० ऑक्टोबर १९६२ रोजी केनेडीने किफॉव्हर-हॅरिस दुरुस्तीवर सही केली. औषध बाजारात आणण्यापूर्वी ते गुणकारी असल्याचे नियंत्रित चाचण्यांनी सिद्ध करणे, प्रयोगातील रुग्णाची संमती घेणे, जाहिरातीत दुष्परिणाम सांगणे हे सारे बंधनकारक झाले. आज जगभर औषधचाचण्यांची जी पद्धत रूढ आहे, तिच्यावर या कायद्याची छाप आहे. रिचर्ड हॅरिसने १९६४ मधील 'द रिअल व्हॉइस' या पुस्तकात ही कथा तपशिलाने सांगितली आहे. पण ज्यासाठी किफॉव्हरने सारा खटाटोप आरंभला होता, ते किमतीविषयीचे आणि पेटंटविषयीचे कलम त्या कायद्यात नव्हते. त्याच्या नावाचा कायदा झाला. त्याचा कायदा झाला नाही.

८ ऑगस्ट १९६३ रोजी उपग्रह-दळणवळण कंपनीला सार्वजनिक पैशाचा लाभ मिळू नये, या मुद्द्यावर सिनेटमध्ये बोलत असताना त्याला अस्वस्थ वाटू लागले. १० ऑगस्टला महारोहिणी फुटून तो वारला. १९६५ मध्ये त्याचे मरणोत्तर पुस्तक आयरीन टिलच्या साहाय्याने निघाले. विषय मक्तेदारी, शीर्षक 'इन अ फ्यू हँड्स', म्हणजे 'मोजक्या हातांत'. कॉस्टेलोचे हात तोवर बहुधा कोणालाच आठवत नसावेत.

या कारकिर्दीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो, आणि तो ग्रंथांतरी उद्धृत होणाऱ्या एका विधानाच्या रूपाने येतो. उपसमितीच्या १९६१ च्या अहवालात विविध देशांतील औषधांच्या किमतींची तुलना आहे. तीत भारताविषयी असे नोंदले आहे, की औषध या पदार्थावरच पेटंट देणाऱ्या या देशात किमती जगातील सर्वाधिक किमतींच्या पंक्तीत बसतात. दरडोई उत्पन्न आणि औषधांची किंमत यांचे प्रमाण येथे व्यस्त आहे. वसाहतकाळातील १९११ चा पेटंट कायदा तेव्हा भारतात लागू होता. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला होता खरा, पण परदेशी पेटंटांचा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता. तो प्रश्न काय होता, हे मुंबईच्या उच्च न्यायालयात दिसले : मधुमेहावरील टॉल्ब्युटामाइड हे औषध हाफकिन संस्थेत विकसित झालेल्या प्रक्रियेने युनिकेम ही मुंबईची कंपनी बनवू लागली, तेव्हा जर्मन कंपनी हेक्स्टने दावा लावला आणि निकाल हेक्स्टच्या बाजूने लागला.

न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा पेटंटविषयक अहवाल सप्टेंबर १९५९ चा, म्हणजे किफॉव्हरच्या औषध-सुनावणीच्याही आधीचा; तेव्हा भारतीय विचार अमेरिकेतून उसना आला, असे म्हणता येत नाही. परंतु पेटंट कायद्याच्या समर्थनार्थ जे लिहिले-बोलले गेले, त्यात किफॉव्हर समितीचे ते विधान पुन्हा पुन्हा आले : विकसित देशाच्याच विधिमंडळाने दिलेली साक्ष म्हणून. १९७० चा कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या पदार्थावरील पेटंट त्याने बंद केले, केवळ प्रक्रियेवर ठेवले, तेही अधिकात अधिक सात वर्षे. आणि औषधांच्या बाबतीत तीन वर्षांनंतर इतर उत्पादकांना हक्काने परवाना मिळण्याची तरतूद केली, स्वामित्वधनाची कमाल मर्यादा ४ टक्के ठेवून. वॉशिंग्टनमध्ये खोडल्या गेलेल्या कलमाशी याचे साम्य उघड आहे, उगम मात्र निराळे, ब्रिटिश कायद्यातलेही.

१९९० च्या दशकात गॅट करारावरील वादात ते विधान पुन्हा वर आले. डंकेल मसुद्यावरील पत्रके आणि लेख यांत 'किफॉव्हर समिती' हा शब्दप्रयोग वाचणाऱ्यांपैकी किती जणांना रॅकूनची टोपी, कॉस्टेलोचे हात किंवा गेन्सचे मुखपृष्ठ ठाऊक होते, हा प्रश्नच आहे. कर्त्यापासून सुटलेले अवतरण असेच फिरते. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलर दराने देऊ केले, ते १९७० च्या कायद्याने निर्माण केलेल्या अवकाशात. २००५ च्या दुरुस्तीने पदार्थावरील पेटंट भारतात परत आले. त्या वेळच्या वादंगातही १९६१ च्या अहवालातील ते एक वाक्य उद्धृत होत होते.